दोन बोटं उतरता खांदा

ब्वेनोस आइरेस, ४ मे १९६४

पेपो,

हे पत्र फाडण्याआधी एवढंच वाच. कप्तानाचा डावा खांदा उजव्यापेक्षा किती उतरता होता? दोन बोटं की तीन? आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशाचं तोंड आडवं होतं की उभं?

उत्तर पोस्टकार्डावर दिलंस तरी चालेल. खुशाली कळवली नाहीस तरी चालेल.

एकोणीस वर्षं जिने तोंड फिरवलं ती बहीण एकदम मापं विचारते, म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं तुला वाटेल. वाटू दे. मी इथे एका इटालियन शिंप्याकडे काम करते. गाएतानो मास्तर. काजं, बटणं, अस्तर आणि मापाची वही माझ्याकडे असते. मास्तर टेप लावून आकडे ओरडतात, मी कोपऱ्यात मान खाली घालून लिहिते, बाबांच्या दुकानात लिहायचे तशीच. गेल्या मंगळवारी एक नवं गिऱ्हाईक आलं. साठीकडे झुकलेला, पोट सुटलेलं, पिकलेल्या मिशा. नाव सांगितलं रोबेर्तो लिंड. मास्तर ओरडले, "डावा खांदा, दोन बोटं खाली!" मी लिहिलं. मग तो माणूस म्हणाला, "आतला खिसा उभ्या तोंडाचा करा. माझा हात वर जात नाही."

माझा हात थांबला. मास्तर म्हणाले, "ओरो, शाई संपली का?"

मी हो म्हटलं.

चेहऱ्यावरून मला सांगता येत नाही, पेपो. चेहरा मी नीट पाहिलाच कधी? मी वहीत बघायचे. तू त्याच्या अंगाला हात लावत होतास.

ओरो


ब्वेनोस आइरेस, २ जून १९६४

फोतिनीबाई,

माझं पत्र पेपोने चुलीत टाकलं आणि तुम्ही ते चिमट्याने बाहेर ओढलंत, हे वाचून मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. "तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात तुमचं नाव निघालं की जेवण अर्धवट राहतं," असं तुम्ही लिहिलंय. खरं असणार. तरीही तुम्ही पत्र लिहिलंत. भावजयीकडून एवढी अपेक्षा ठेवायचा मला काही अधिकार नव्हता.

तुम्ही विचारता, कप्तान कोण? आणि शिंप्याचा मुलगा असून तुमचा नवरा साधं बटणसुद्धा का लावत नाही?

त्याने सांगितलं नाही ते मी सांगावं का, यावर मी आठवडा घालवला. सांगते.

कप्तान म्हणजे एर्विन क्लास्के. जर्मनांनी आमच्या शहरातले ज्यू बाहेर काढायचं ठरवलं, त्या कामावर आलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक. गल्ल्यांच्या याद्या त्याच्याकडे असायच्या. स्टेशनवर उभा राहून तो माणसं मोजून डब्यांत भरायचा, दाराला कडी लागली की यादीवर रेघ मारायचा. एका वॅगनमध्ये ऐंशी माणसं. तुम्ही सालोनिकाच्याच आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९४३च्या फेब्रुवारीत तो बाबांच्या दुकानात कोट शिवायला आला. बाबांनी माप घेतलं, पेपोने टाचण्या धरल्या, मी वही लिहिली. कोट त्याला फार आवडला. पंधरा दिवसांनी तो परत आला आणि पेपोला घेऊन गेला. "हा पोरगा माझ्या घरी राहून शिवेल." पेपो सतराचा होता. मार्चमध्ये बाबा आणि मी गाडीत चढलो. पेपो कप्तानाच्या घरी मशीन चालवत होता. उन्हाळ्यात शेवटची गाडी गेली, तेव्हा तो मागच्या खिडकीतून उडी मारून डोंगरात पळाला.

बाबा तिकडे छावणीत पोचले त्याच दिवशी गेले. मी दोन वर्षांनी परत आले. पेपो मला आणायला आला होता. मी त्याला काही बोलले. काय बोलले ते त्याच्याकडून ऐका, किंवा ऐकू नका.

त्याला फक्त एवढं विचारा: दोन बोटं की तीन.

तुमची नणंद,
ओरो


ब्वेनोस आइरेस, २७ जून १९६४

पेपो,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "दोन बोटं. तोंड उभं. पुन्हा लिहू नकोस."

शेवटची ओळ मी पाळणार होते. खरंच. पण ऐक, इथे काय झालं ते.

कार्ड घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. एस्त्रुगो त्यांचं आडनाव, आपल्यातल्याच आहेत, आजोबा इझमीरचे. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, खांदे तर अर्ध्या ब्वेनोस आइरेसचे उतरते आहेत. माझ्या नवऱ्याचे दोन्ही उतरतात."

मी म्हटलं, "उभा खिसा?"

"उभ्या खिशावर न्यायाधीश माणसाला विमानात बसवत नाही."

पण नाव ऐकून त्या खुर्चीत पुढे सरकल्या. क्लास्के जर्मन सरकारी वकिलांना हवा आहे, पकडवॉरंट तीन वर्षांपासून निघालेलं आहे. त्याला पकडून द्या असं तिकडून रीतसर मागणं आलं, तर इथलं कोर्ट ऐकेल. त्यांनी तिकडे पत्र टाकलंय. तोवर अडचण एकच. हा लिंड राहतो कुठे, कोणालाच माहीत नाही. पत्ता विचारला तर म्हणतो, "मीच येऊन जाईन." कोट तयार झाला की गेला.

मग मी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर खडू बोटांत फिरवत बसले. मला वाटलं, म्हणतील, बाई, दुकान चालवायचंय मला. इथे गेली चार वर्षं आपल्या लोकांच्या दुकानांच्या काचा फुटतायत, भिंतींवर काय काय लिहिलं जातंय. मास्तर ज्यू नाहीत, त्यांना काय पडलंय! पण ते उठले, लिंडच्या कोटाची बाही घेतली आणि उसवली.

"चाळीस वर्षांत मी बाही मुद्दाम बिघडवली नव्हती," म्हणाले. "माझे गुरू वर बसून शिव्या घालतायत मला."

काल तो दुसऱ्या ट्रायलला आला. बाही फिरलेली. तो आरशात बघून म्हणाला, "हे काय, मास्तर?" मास्तरांनी कपाळाला हात लावला, "अरेरे! वय झालं, सेन्योर! पुढच्या पंधरवड्यात या."

आता वकीलबाईंचं म्हणणं. लिंडच्या अंगावर काही खूण असेल आणि ती तुला माहीत असेल, तर ती तू आत्ताच लिहून द्यायची. इथल्या कोणी त्याला उघडा पाहण्याआधी. तिथल्या वकिलातीत जाऊन, शपथेवर, पाकिटाला लाख लावून. ते पाकीट न्यायाधीशासमोर फुटेल. मग कोणी म्हणू शकणार नाही की आम्ही तुला पढवलं.

मला माहीत आहे मी काय मागतेय.

ओरो


ब्वेनोस आइरेस, १९ जुलै १९६४

पेपो,

तू नाही म्हणालास. या वेळी दोन पानं भरून नाही म्हणालास, म्हणून रागावले नाही. "शपथेवर लिहायचं म्हणजे लिहायचं की मी सहा महिने त्याच्या घरात जेवलो आणि त्याचे कपडे शिवले. सालोनिकात परत आलेले जे मूठभर आहेत, ते मला आजही बघून रस्ता बदलतात. तूच तर त्यांना नाव शिकवलंस: कप्तानाचा शिंपी."

हो. मीच.

आज रविवार. माझा नवरा जाको मित्राकडे पत्ते खेळायला गेलाय. घरात मी एकटी आहे आणि दोन वेळा पत्र लिहून फाडलंय. हे तिसरं.

परवा तिसरी ट्रायल होती. मास्तरांनी मला बटणं आणि काजं करायला दिली, काहीतरी पुढे सरकलेलं दिसायला हवं ना. मी बसले. मनात ठरवलं होतं, वेडंवाकडं करायचं, दोरा ढिला ठेवायचा. पेपो, मी सात काजं केली, सातही सुंदर झाली. हात ऐकेनात. हात म्हणाले, आम्हाला एवढंच येतं. मांडीवर त्याचा कोट, कापड उबदार, आणि मी डोळे बारीक करून टाका टाक्याला लावून घालतेय. काम झाल्यावर मी कोट उचलून उजेडात धरला आणि क्षणभर मला बरं वाटलं. चांगलं झालंय, असं वाटलं!

मग मला तू दिसलास. सतरा वर्षांचा. मशीनवर वाकलेला.

तेव्हा आता हे ऐक. १९४५मध्ये, सिनेगॉगच्या अंगणात, तू माझ्यासाठी शिवलेला कोट घेऊन आला होतास आणि मी तो चिखलात फेकला. म्हणाले, "बाबांनी गाडीत तुला शाप दिला. म्हणाले, माझा मुलगा मेला." सगळ्यांदेखत म्हणाले.

ते खोटं होतं.

बाबा गाडीत काय म्हणाले ते सांगते. पहिल्या रात्री ते दाराच्या फटीजवळ बसले होते. मी रडत होते की पेपोचं कसं होणार. बाबांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाले, "रडतेस कशाला, वेडे? आपल्यातला एक तरी खाली राहिला. तो माणूस चांगल्या शिवणीसाठी वेडा आहे, पोराला मारणार नाही. मी पेपोला बाही बसवायला शिकवलं, आयुष्यात एवढं एक काम मी वेळेवर केलं." आणि पेपो, ते हसले. तिकडे पोचेपर्यंत जो भेटेल त्याला सांगत होते, माझा मुलगा खाली राहिला. लोक कंटाळले.

मी हे तुझ्यापासून चोरलं. का? तू जाडजूड दिसत होतास. तुझे दात होते. माझ्याकडे बाबा नव्हते, केस नव्हते, आणि तू माझ्यासाठी कोट घेऊन उभा होतास. एवढंच कारण. याहून चांगलं कारण मी एकोणीस वर्षं शोधलं, सापडलं नाही.

पाकीट पाठव किंवा पाठवू नकोस. हे पत्र त्यासाठी नाही. त्यासाठी असतं तर आधीच लिहिलं असतं, आणि तीही लबाडीच ठरली असती. हे फक्त तुझं आहे, ते तुला परत करतेय.

तुला माफ करता येत नसेल तर फोतिनीला सांग, ती कळवेल.

ओरो


ब्वेनोस आइरेस, २२ ऑगस्ट १९६४

पेपो, फोतिनी,

सापडला! पकडला! आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

तुझं पाकीट सहा तारखेला आलं. लाख शाबूत. मी हातसुद्धा लावला नाही, वकीलबाईंनी थेट कोर्टात जमा केलं. सोबतची चिठ्ठी मात्र माझ्याकडे आहे. "बाबा हसले, हे मला दोनदा वाचावं लागलं. मग फोतिनीला वाचायला लावलं." तेवढंच लिहिलंस. पुरे आहे.

जर्मनीहून तार सतरा तारखेला आली. चौथी ट्रायल वीसला होती, गुरुवारी अकराला. साध्या कपड्यांतले दोन पोलीस सकाळी नऊपासून दुकानात. एक गिऱ्हाईक बनून कापड चाळत होता. दुसरा आतल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशी. मास्तर त्याच्यावर खेकसले, "इस्त्री अशी धरतात? पोळशील ना! निदान कामगारासारखा दिस तरी."

अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. मास्तर दारात जाऊन येत होते. मी एकच बटण तीन वेळा लावून काढलं. मला वाटलं, संपलं, कोणीतरी त्याला कळवलं. आणि बारा वाजायला दहा मिनिटं असताना तो आला. हातात केकचं खोकं. म्हणाला, "बस मिळेना. मास्तर, चार ट्रायल? एका कोटाला?"

मास्तर म्हणाले, "सेन्योर, चांगल्या कोटाला आणि चांगल्या लग्नाला घाई केली की पस्तावतो माणूस."

तो हसला. खोकं त्याने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "जरा सांभाळा, बाई, नातीचा वाढदिवस आहे."

मास्तरांनी कोट घातला त्याच्या अंगावर. पेपो, कोट बरोबर बसला होता. या वेळी मास्तरांनी काही बिघडवलं नव्हतं. नंतर मला म्हणाले, "शेवटी माझं नाव आहे आत, लेबलावर." तो आरशासमोर उभा राहिला, खुश झाला, आणि कापड चाळणारा पोलीस मागून आला. "एर्विन क्लास्के?"

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. तो दचकला नाही. त्याने एवढंच केलं: सरळ झाला. टाचा जुळल्या. अगदी क्षणभर, मग लगेच सैल पडला आणि म्हणू लागला, "कोण? मी लिंड. ट्रॅक्टरचे भाग विकतो." पण टाचा जुळल्या होत्या. इस्त्रीवाल्यानेही पाहिलं, मास्तरांनीही पाहिलं.

नेताना तो माझ्यासमोरून गेला. मी उभी राहिले. मला पुष्कळ बोलायचं होतं, एकवीस वर्षांचं साठलेलं. तोंडातून आलं ते हे: "साल्तिएल शिंप्याची मुलगी मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला आठवलं नाही. खरंच आठवलं नाही, नाटक नव्हतं ते. मला वाटायचं असं झालं तर मी कोसळेन. नाही कोसळले. म्हटलं, नसेल आठवत. आता तारखेला तारीख पडेल तशी आठवण करून दिली जाईल.

ते गेल्यावर मास्तरांनी शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसले. केकचं खोकं तिथेच राहिलं होतं. मग मास्तर म्हणाले, "लहान पोरीचा काय दोष?" आणि पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन देऊन आले, घरी पोचवा म्हणून.

मला त्यांचं वागणं तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतंय.

घरी येऊन मी झोपले. दुपारी तीनला. दुसऱ्या दिवशी नऊला उठले. जाकोने तीनदा नाकाजवळ आरसा धरला म्हणे, श्वास आहे का बघायला.

ओरो


ब्वेनोस आइरेस, १२ डिसेंबर १९६४

पेपो,

इथे उन्हाळा लागलाय. कोर्टात पंखा होता, फिरत नव्हता.

तुझं पाकीट काल फुटलं. आधी सरकारी डॉक्टरने क्लास्केच्या अंगाची तपासणी केली, अहवाल लिहून सही केली, मग न्यायाधीशांनी लाख फोडली. दुभाष्याने तुझं ग्रीक मोठ्याने स्पॅनिशमध्ये वाचलं.

"मी, पेपो साल्तिएल, फेब्रुवारी ते ऑगस्ट १९४३ या काळात कप्तान क्लास्के यांचा शिंपी होतो." तू तसंच लिहिलंस. शिंपी होतो. पहिल्याच वाक्यात, मान ताठ ठेवून. "त्यांच्या पाठीवर डाव्या खांद्याच्या पात्याखाली अक्रोडाएवढा खळगा आहे, म्हणून अस्तराखाली दुहेरी कापूस घालावा लागे. खळग्याच्या वर तिरकी जखम. टाके नऊ. सर्वांत खालचा टाका सुटून वाकडा भरलेला आहे. ज्याने घातले तो घाईत होता."

शेवटच्या वाक्याला कोणीतरी हसलं. न्यायाधीशही चष्मा पुसू लागले. मग त्यांनी डॉक्टरचा अहवाल उघडला आणि बोट ठेवून वाचला: तिरकी जुनी जखम, टाक्यांच्या खुणा नऊ, सर्वांत खालची वाकडी.

क्लास्केचा वकील उठला, अहवाल स्वतः वाचला आणि बसला. क्लास्केने माझ्याकडे पाहिलं नाही. पाठ खुर्चीला टेकवून, हात मांडीवर, असा बसून राहिला. पहिल्यांदाच तो मला म्हातारा दिसला.

निकाल आज लागला. त्याला जर्मनीच्या हवाली करायचं. वकीलबाई म्हणतात वरच्या कोर्टात जातील, महिने लागतील, पण टिकेल. त्या रडत होत्या आणि मला दटावत होत्या, "तुम्ही का रडत नाही?" मी म्हटलं, "मला भूक लागलीय." खरंच लागली होती. कोपऱ्यावरच्या खानावळीत मी, जाको आणि मास्तर असे आम्ही तिघं बसलो. मास्तरांनी दुकान बंद ठेवलं होतं. मी भाजलेलं मांस खाल्लं, पाव खाल्ला, वरून दुधाची मिठाई खाल्ली. जाको म्हणाला, लग्नापासून तुला एवढं खाताना पाहिलं नाही. आणि पेपो, मला छातीत जागा झाल्यासारखं वाटलं. कोणी मेलेलं परत आलं नाही, ते मला माहीत आहे. तरी श्वास पार खालपर्यंत जातो. हे असं असतं हे मी विसरले होते.

फोतिनी लिहिते की निकालाची वाट न बघता तू एका रात्री मुलांना जेवताना सांगितलंस, आपल्या बाबांचं नाव काय होतं, दुकान कुठे होतं, ते गाडीत काय म्हणाले. आणि धाकटीने विचारलं, "मग आजोबा हसले का?" तू म्हणालास, "आत्याला विचारा. ती तिथे होती."

तर मी येतेय. जर्मनीत खटला उभा राहील तेव्हा साक्षीला आपल्या दोघांनाही बोलावतील, पण मला तोवर थांबायचं नाही. मार्चमध्ये जहाज आहे, जेनोवाला बदलावं लागतं, पिरेयसला सतराव्या-अठराव्या दिवशी पोचतं म्हणतात. तिथून आगगाडीने सालोनिका. रस्ता सांगितलास तर मी एकटी स्टेशनवरून घरी येऊ शकते. पण सालोनिकाच्या स्टेशनवर एकटीने उतरायचं नाही असं मी ठरवलंय. तू फलाटावर ये. फोतिनीला आण, पोरांना आण, आवाज करा.

मी जाड झालेय, हे आधीच सांगते, म्हणजे तोंडावर बोलणार नाहीस. आणि भांडण काही उरलं असेल तर पहिलं जेवण होऊ दे, मग काढू.

तुझी,
ओरो